रिकाम्या जागा बरोबर, परिच्छेदात मात्र गोंधळ – सहावी-सातवीला इंग्रजी व्याकरणाचा सराव कसा द्यावा?

मधलीसुट्टी

सहावी आणि सातवी, मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा म्हटलं की दहापैकी आठ-नऊ बरोबर येतात. काळांचा तक्ता पाठ आहे. पण ‘माझे कुटुंब’ किंवा ‘चित्र पाहून पाच वाक्ये लिहा’ असं दिलं की तीच मुलं जे लिहितात त्याचे हे नमुने (सगळं देवनागरीतच टाइप करतोय, सांभाळून घ्या):

माय फादर आर फार्मर. दे वर्क इन फील्ड.
आय ॲम गो टू मार्केट.
ही डिड नॉट वेंट टू स्कूल.
द बॉय हॅज सॅट ऑन द चेअर. (चित्रातला मुलगा नुसता बसलेला आहे!)
टू मी लाइक मँगो.
दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सरावात येतं ते लिखाणात का उतरत नाही? कोणता घटक आधी घ्यावा? आणि रोज किती वाक्यांचा सराव पुरे? बाजारातल्या सरावपुस्तिका पाहिल्या, सगळ्यांत त्याच रिकाम्या जागा आहेत.

---

पाणिनीचा शेजारी

नमुने फार कामाचे दिलेत, सर. यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. प्रत्येकीच्या मागे एक बरोबर मराठी वाक्य उभं आहे.

रिकाम्या जागेत कर्ता दिलेला असतो, क्रियापद कंसात असतं, काळ वरच्या सूचनेत सांगितलेला असतो. मुलाने फक्त रूप बदलायचं. परिच्छेदात कर्ता कोण, क्रियापद कुठलं, काळ कोणता, शब्द कुठल्या क्रमाने, हे सगळं एकाच वेळी ठरवावं लागतं, आणि तिथे मूल मराठीचा आधार घेतं. म्हणून सराव मराठी वाक्यापासून सुरू करावा. इंग्रजीच्या तासाला मराठी नको म्हणणाऱ्यांशी मी इथे सहमत नाही. मराठी त्या वाक्यांत आहेच, ती फळ्यावर आणली तर निदान दिसते.

‘माय फादर आर’ ही आदरार्थी बहुवचनाची चूक. ‘वडील शेतकरी आहेत, ते शेतात काम करतात’ याचं मुलाने तंतोतंत भाषांतर केलंय. उपाय सोपा आहे. वडील, आजोबा, सर, पाहुणे, मामा, डॉक्टर असे शब्द असलेली दहा मराठी वाक्यं द्या आणि इंग्रजी लिहिण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे फक्त ‘माणसं किती?’ याचं उत्तर आकड्यात लिहायला लावा. १ लिहिलं की इज, हॅज, ही किंवा शी, आणि वर्क्स. ‘पाहुणे आले’ यात एक की अनेक हे मराठीत कळतच नाही. तसं एखादं वाक्य मुद्दाम घाला, वर्गात चर्चा होऊ द्या.

‘आय ॲम गो’चं मूळ ‘आहे’ या शब्दात आहे. मुलांच्या डोक्यात आहे म्हणजे इज, ॲम, आर असं पक्कं बसलेलं असतं, कारण पहिलीपासून तेच सांगितलं जातं. पण मराठीतलं ‘आहे’ इंग्रजीत किमान सहा ठिकाणी वेगवेगळं जातं:

तो हुशार आहे – ही इज क्लेव्हर.
तो धावतो आहे – ही इज रनिंग.
त्याला एक भाऊ आहे – ही हॅज अ ब्रदर.
टेबलावर वही आहे – देअर इज अ नोटबुक ऑन द टेबल.
तो पुण्याला गेला आहे – ही हॅज गॉन टू पुणे.
तो खुर्चीवर बसला आहे – ही इज सिटिंग ऑन द चेअर.

सहावं वाक्य म्हणजे तुमचा ‘हॅज सॅट’. बसणे, झोपणे, उभं राहणे, टेकणे, अंगावर घालणे, हातात धरणे या क्रियापदांत मराठी माणूस क्रिया झाली आणि आता तीच स्थिती आहे असं बोलतो: बसला आहे, टोपी घातली आहे, छत्री धरली आहे. इंग्रजीत ती स्थिती चालूच आहे म्हणून आयएनजी लागतो: इज सिटिंग, इज वेअरिंग अ कॅप, इज होल्डिंग ॲन अंब्रेला. चित्रवर्णनात नेमकी हीच क्रियापदं येतात, त्यामुळे सात-आठ शब्दांची यादी वेगळी करून घ्याच. कुठल्याही सरावपुस्तिकेत ही सापडणार नाही, कारण ती मराठी मुलासाठी लिहिलेली नसते.

सराव असा घ्या: ‘आहे’ असलेली अठरा मराठी वाक्यं, प्रत्येक प्रकाराची तीन, सरमिसळ करून. पहिल्या दिवशी मुलांनी भाषांतर करायचं नाही, फक्त वाक्यापुढे १ ते ६ पैकी प्रकार लिहायचा. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच नऊ वाक्यांचं इंग्रजी. प्रकार चुकला आणि रूप चुकलं या दोन वेगळ्या चुका आहेत, हे त्यामुळे तुम्हालाही वेगळं दिसतं. सोबत एक नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा: ॲम, इज, आरनंतर मूळ क्रियापद उघडं कधीच येत नाही.

‘टू मी लाइक’: मला आवडतं, मला माहीत आहे, मला हवं आहे, मला भूक लागली, मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत. ज्याला होतं तोच इंग्रजीत कर्ता. आय लाइक, आय नो, आय वाँट, आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीव्हर, आय हॅव टू सिस्टर्स. यात दोन वाक्यं फसवी घाला: ‘आजीने मला पेन दिलं’, ‘सरांनी मला बोलावलं’. इथे ‘ने’वाला किंवा ‘नी’वाला माणूस आहे, तोच कर्ता होतो आणि ‘मला’चं इंग्रजी ‘मी’ (एम-ई) होतं. फसवी वाक्यं नसतील तर मुलं दहाही वाक्यांत डोळे मिटून आय लिहितील आणि तुम्हाला वाटेल समजलं.

आधी काय घ्यावं? माझं मत प्रवाहाविरुद्ध आहे: साधा भूतकाळ. मराठीत आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले, पोळ्या खाल्ल्या. इंग्रजीत सगळ्यांना एट. कर्ता बदला, कर्म बदला, क्रियापद हलत नाही. फक्त वॉज आणि वेअर सांभाळायचे. साध्या वर्तमानकाळातला एस ही त्या मानाने फार किचकट गोष्ट आहे.

अनियमित क्रियापदं एबीसीडीच्या क्रमाने पाठ करायला देऊ नका. आवाजाने गट करा: कट, पुट, हिट हे न बदलणारे, कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट, ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक. आठवड्याला पाच-सहा, तीही वाक्यात. रीड-रेड वेगळं काढा, स्पेलिंग तेच आणि उच्चार निराळा.

---

आठवी अ

वरच्या प्रतिसादाला बहुतांशी +१, पण भूतकाळ आधी यावर हरकत. पाठ्यपुस्तकात दिनक्रम, सवयी, प्राण्यांची माहिती हे सगळं साध्या वर्तमानकाळात येतं आणि घटक चाचणी त्यावरच असते. वर्तमानकाळ पुढे ढकलला तर शिक्षकाचं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय भूतकाळातलं नकारार्थी वाक्य आलं की ‘डिड नॉट वेंट’ आहेच, म्हणजे तो काळ सोपा फक्त होकारार्थी वाक्यापुरता.

खरी गाठ डू-डज-डिडची आहे. मराठीत ‘तो खेळतो’चं ‘तो खेळत नाही’ आणि ‘तो खेळतो का?’ होतं. शेवटी एक शब्द लावला (नकारात ‘खेळतो’चं ‘खेळत’ तेवढं होतं) की झालं, पुढे काही सरकत नाही. इंग्रजीत मदतीला तिसरा शब्द बोलवावा लागतो आणि क्रियापदावरची खूण त्याच्याकडे जाते.

हे चिठ्ठ्यांवर करून घ्यावं. चार-चार मुलांच्या गटाला कागदाच्या चिठ्ठ्या: ही, प्ले, क्रिकेट, डू, नॉट, प्रश्नचिन्ह, आणि एक छोटी लाल चिठ्ठी ज्यावर फक्त एस (डूला चिकटला की ईएस होतो). लाल चिठ्ठी एकच द्यायची, हे महत्त्वाचं. ‘ही प्लेज क्रिकेट’ मांडलं की एस प्लेला चिकटलेला असतो. आता नॉट आणा. नॉट एकटा उभा राहू शकत नाही, डू हवा. डू आला की लाल चिठ्ठी उचलून डूला लावायची: डज. प्ले उघडा पडला. दुसरी लाल चिठ्ठी हाताशी नसल्यामुळे ‘डज नॉट प्लेज’ मांडताच येत नाही. मग लालच्या जागी निळी, तिच्यावर ‘भूत’. डूला लागली की डिड, क्रियापद पुन्हा उघडं: डिड नॉट गो. ‘डिड नॉट वेंट’ म्हणजे निळी चिठ्ठी दोनदा वापरली, एवढं सांगितलं की मुलं एकमेकांची वही तपासताना हेच शब्द वापरतात.

दोन दिवस चिठ्ठ्या, मग वहीत. वहीत मात्र नुसती प्ले-गो-ईट देऊ नका. दहा वाक्यांत तीन इज किंवा आरची आणि दोन कॅनची असलीच पाहिजेत. नाहीतर आठवड्याभरात ‘डू यू आर हॅपी?’ आणि ‘ही डज नॉट कॅन स्विम’ सुरू होतं. आधी तपासायचं, वाक्यात ॲम, इज, आर, वॉज, वेअर, कॅन, विल यातलं काही आहे का? असेल तर त्यालाच पुढे आणायचं किंवा त्याच्यामागे नॉट लावायचा. नसेल तरच डू. हॅव मुलांना दोन्हीकडचा वाटतो; मालकीच्या अर्थाने असेल तर सहावीला सरळ ‘डज ही हॅव अ सायकल?’ एवढंच शिकवा.

एस गळण्याचं आणखी एक साधं कारण, तो ऐकू येत नाही. वर्क्स, हेल्प्स, प्लेज, वॉचेस हे फळ्यावर देवनागरीत लिहून मोठ्याने वाचून घ्या. ईडीचंही तेच: वॉक्ट, प्लेड, वाँटेड, उच्चार तीन आणि स्पेलिंगच्या शेवटी एकच. तोंडात आलेलं अक्षर हातातून सहसा सुटत नाही.

---

वहीतपासनीस

उपपदांचं (अ, ॲन, द) कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. ‘फादर इज फार्मर’ आणि ‘गो टू मार्केट’ दोन्हीत तेच गायब आहे.

अ की ॲन यासाठी ‘ए, ई, आय, ओ, यू आले की ॲन’ हा नियम शिकवणं बंद करा. मराठी मुलाकडे याहून चांगलं साधन आहे: शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. युनिफॉर्म, युनिव्हर्सिटी, युरोपियन यांत य आहे, म्हणून अ. वन-रुपी कॉइनमध्ये व, म्हणून अ. अवर (तासवाला), ऑनेस्ट यांत स्वर, म्हणून ॲन. एमएलए, एक्स-रे, एफआयआर यांत स्वर, ॲन. बाराखडी येणाऱ्या मुलाला दुसरा नियम लागत नाही.

हे कुठे फसतं तेही सांगतो. वर्षाला आपल्याकडे सर्रास ‘इयर’ लिहितात, मग ‘ॲन इयर’ होतं. तो ‘यिअर’ म्हणून घ्या, म्हणजे ‘अ यिअर’. कानाचा तो ‘ईअर’, त्याला ॲन. आणि ज्या बोलीत ‘एक’चं ‘येक’ होतं तिथे ‘एग’चंही ‘येग’ होतं, की लगेच ‘अ एग’. तिथे आधी उच्चार.

अ की द यासाठी गोष्टीची सुरुवात वापरा. ‘एक राजा होता. त्या राजाला एक मुलगी होती. ती मुलगी...’ जिथे ‘एक’ तिथे अ, जिथे ‘तो, ती, त्या’ तिथे द. आठ ओळींची मराठी गोष्ट, मुलांनी भाषांतर न करता फक्त नामांवर अ किंवा द लिहायचं. ही खूण दोन ठिकाणी अपुरी पडते. पहिलं, व्यवसाय: ‘आई शिक्षिका आहे’ यात ‘एक’ नाही, तरी ‘अ टीचर’ लागतं, आठ-दहा व्यवसायांची वाक्यं वेगळी घोटून घ्यावीत. दुसरं, जिथे काहीच लागत नाही: गो टू स्कूल, गो टू बेड, गो होम, ड्रिंक वॉटर, ईट राइस. ‘गो टू द मार्केट’ला द हवा आणि ‘गो टू स्कूल’ला नको. याचं सहावीला पटेल असं कारण देता येत नाही, शब्दगट म्हणूनच पाठ करून घ्यावं.

---

मधलीसुट्टी

चिठ्ठ्या आणि ‘माणसं किती?’ हे दोन्ही लगेच करण्यासारखं आहे. आता व्यवहार. तास ३५ मिनिटांचा, धडाही पुढे न्यायचा असतो. दोन वर्ग मिळून साठाच्या वर वह्या. रोज लिहून घेतलं तर तपासायचं कधी? आणि पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिथे सगळे बहुपर्यायी प्रश्न.

---

वहीतपासनीस

तासाची पहिली आठ-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठवडा साधारण असा:

सोमवारी सहा मराठी वाक्यं तोंडी, मुलांनी थेट इंग्रजी लिहायचं, सगळी एकाच घटकावरची. मंगळवारी पर्यायी तक्ता: फळ्यावर तीन रकाने, तीन कर्ते, चार क्रियापदं, चार शेवटचे तुकडे. अठ्ठेचाळीस वाक्यं होतात, त्यातली आठ प्रत्येकाने लिहायची. तुकडे निवडताना कोणताही कर्ता-क्रियापद-शेवट जुळेल हे आधी घरी तपासा, नाहीतर ‘माय मदर ईट्स अ बस’ येतं आणि पुढची पाच मिनिटं हसण्यात जातात. बुधवारी वाक्यं जोडणे. गुरुवारी चुका शोधणे. शुक्रवारी पाच ओळींचं मोकळं लिखाण.

चुका शोधण्याच्या परिच्छेदावर ‘यात ४ चुका आहेत’ असा आकडा द्याच. आकडा नसेल तर मुलं बरोबर शब्दही खोडतात. आणि तो परिच्छेद छापील किंवा वेगळ्या कागदावर द्या. चुकीची वाक्यं फळ्यावर राहिली की मागच्या बाकावरचा ती इमानेइतबारे उतरवून घेतो.

तपासणी: फक्त शुक्रवारचं तपासा, आणि त्यातही फक्त त्या आठवड्याचा घटक. बाकी चुकांना हात लावायचा नाही. हे पालकांना खटकतं, वहीच्या पहिल्या पानावर तशी ओळ लिहून ठेवा. चूक दुरुस्त करून देऊ नका, त्या ओळीच्या समासात खूण करा: ‘क’ म्हणजे काळ, ‘व’ वचन, ‘उ’ उपपद, ‘क्र’ शब्दांचा क्रम. कुठला शब्द ते मुलाने शोधायचं आणि वाक्य पूर्ण नव्याने लिहायचं. एका वहीला मिनिटभर लागतं. सोमवार ते गुरुवार शेजाऱ्याच्या वहीवरून, उत्तर फळ्यावर.

नवा घटक सुरू झाला तरी सोमवारच्या सहा वाक्यांतलं एक मागच्या आठवड्याचं आणि एक तीन आठवड्यांपूर्वीचं ठेवा. सुटत जातं ते इथे पकडलं जातं.

वाक्यं जोडण्याबद्दल दोन ओळी जास्त, कारण शाळांत ते जवळपास होतच नाही. २००७ साली ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र तपासले, त्यात वाक्यजोडणीचा लिखाणावर चांगला परिणाम दिसला आणि नुसतं व्याकरण वेगळं काढून शिकवण्याचा उलटा. ते प्रयोग आपल्या वर्गांवरचे नाहीत, पण तुमचा पहिला प्रश्न तोच आहे. करायचं असं: ‘द डॉग वॉज हंग्री. द डॉग बार्क्ड. इट वॉज नाइट.’ या तिघांचं एक वाक्य. ‘द हंग्री डॉग बार्क्ड ॲट नाइट’ येईल, ‘द डॉग बार्क्ड ॲट नाइट बिकॉज इट वॉज हंग्री’ही येईल. दोन्ही फळ्यावर घ्या. एका दिवशी असे तीन संच पुरेत.

तुमचं ‘दो... बट’ इथेच सुटतं. मराठीला जोडी लागते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जो-तो. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द ठेवायचा. ‘दो’ ठेवलं तर ‘बट’ खोडा, ‘बट’ ठेवलं तर ‘दो’.

---

आठवी अ

शिष्यवृत्तीचं: दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि त्याच ९० मिनिटांत बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न. म्हणजे इंग्रजीच्या प्रश्नाला सरासरी एक मिनिट फार झालं. काही प्रश्नांत दोन पर्याय अचूक असतात, दोन्ही रंगवावे लागतात. प्रश्नातली सूचना वाचण्याचीच सवय नसेल तर व्याकरण येऊनही गुण जातात.

त्यासाठी सातवीत वेगळा संच नको. आठवड्याला पाच बहुपर्यायी प्रश्न द्या, पण उत्तराला गुण नाहीत. उरलेले तीन पर्याय का चूक ते प्रत्येकी तीन-चार शब्दांत मराठीत लिहायचं. ‘डिडनंतर भूत नको’, ‘एकच माणूस’, ‘ऑनेस्टला स्वर’. पाच प्रश्नांचे पंधरा नकार झाले. ‘ऐकायला बरं वाटलं नाही’ असं कारण आलं की तो घटक परत सोमवारच्या सहा वाक्यांत.

---

मधलीसुट्टी

शेवटचं विचारतो. ‘इफ इट रेन्स, देन वी विल स्टे होम’ याला ‘दो-बट’सारखीच खूण करायची का? जोडी तर तीही आहे.

---

पाणिनीचा शेजारी

नाही. इफबरोबर देन चालतं, वाक्य बरोबरच आहे. खूण करू नका, फक्त जोडणीच्या तासाला देनशिवाय लिहून दाखवा. ‘व्हेन ही केम, देन वी एट’ यातलं देन मात्र जड होतं, ते काढायला सांगा. आणि ‘दो-बट’ सरळ चूक आहे, तिथे गुण कापा. त्याच वाक्यात दुसरी तपासणीही करून घ्या: इफच्या बाजूला विल आलंय का? ‘जर पाऊस पडेल तर’ या सवयीने मुलं ‘इफ इट विल रेन’ लिहितात, आणि देनपेक्षा ती चूक जास्त वेळा सापडेल.